खळं रेडिओवरची एक सुगी

सुगी आली की माझं डोकं फिरतं. इतर माणसं सुगीच्या नावाने हळवी होतात, कुणी कविता करतं, कुणी हुरड्याचे बेत आखतं. माझी मात्र चिडचिड सुरू होते, आणि ती दिवाळीनंतर थंडी नीट पडेपर्यंत काही जात नाही.

परवा हिंजवडीला भाचीच्या नव्या घराची वास्तुशांत होती. टॅक्सी चौकाच्या अलीकडेच जी थांबली ती थांबलीच. चालकाने रेडिओ लावला होता. त्यातला मुलगा ओरडत होता, "पुणेकर, ट्रॅफिकमध्ये फसलात? टेन्शन नको, चिल मारा!" मी म्हटलं, "अहो, हे जरा बंद करता का?" तो म्हणाला, "मॅडम, बोअर होतं नाहीतर." मग मी काच खाली केली. आणि धूर, डिझेल, तळणीचं तेल या सगळ्यातून एकदम कापलेल्या भाताचा वास आला. ओलसर, गोडसर, पेंढा उन्हात टाकल्यावर येतो तो. दोन काचेच्या इमारतींच्या मधल्या चतकोर तुकड्यात चार बाया वाकून भात कापत होत्या. त्यातली एकही गात नव्हती. एकीच्या कानात इयरफोन होते.

झालं. तिथून पुढे वास्तुशांत होईपर्यंत मी कुणाशी धड बोलले नाही. भाची म्हणाली, "मावशी, तुला बरं वाटत नाहीये का?" तिला काय सांगणार? की या तुझ्या पार्किंगच्या आसपास कुठेतरी आमचं रेडिओ केंद्र होतं?

होतं म्हणजे खरंच होतं. खळं रेडिओ. आता नाव सांगितलं तर लोक मला "काय, कळ?" असं विचारतात.

तो काळ असा होता की पुण्यात ज्याच्याकडे माळ होता त्याने कॉलेज काढलं आणि ज्याच्याकडे भातखाचरं होती त्याने ती कंपन्यांना दिली. आमच्या आबासाहेबांकडे दोन्ही होतं. मूळचे हिंजवडीचेच, बागायतदार. जागतिकीकरण म्हणजे काय हे त्यांना आमच्या अर्थशास्त्राच्या प्राध्यापकांच्या आधी कळलं होतं. त्यांनी इंजिनिअरिंग कॉलेज काढलं, मग मॅनेजमेंटचं काढलं. मग शेजारच्या संस्थेला छोटं सामुदायिक रेडिओ केंद्र मिळालं असं कानावर आलं, तेव्हा आबासाहेब म्हणाले, "आपल्यालाबी पाहिजे." कशासाठी, हा प्रश्न त्यांना कुणी विचारला नाही. त्यांना प्रश्न विचारायची पद्धतच नव्हती.

मी तेव्हा सरकारी रेडिओवर हंगामी निवेदिका होते. हंगामी म्हणजे वर्षानुवर्षं हंगामी. जाहिरात पाहिली, अर्ज केला, निवड झाली. स्वारगेटहून एक बस, मग दुसरी बस, मग कंपनीच्या वातानुकूलित गाड्यांनी उडवलेली धूळ खात पायी. मनोरा मेकॅनिकलच्या इमारतीवर होता. आवाज चार-पाच गावांपर्यंत जायचा. परवान्यात लिहिलं होतं, बातम्या नकोत, राजकारण नको, स्थानिक माणसांचं स्थानिक काहीतरी हवं. आबासाहेबांची कल्पना अशी की स्थानिक म्हणजे ते स्वतः. केंद्राला त्यांच्या मातोश्रींचं नाव द्यायचं ठरत होतं. मी हट्टाने "खळं" सुचवलं. गावातली गाणी एका जागी गोळा करायची, झोडायची, दाणे वेगळे करायचे, असं काहीतरी छापील बोलले. त्यांना ते भाषण आवडलं. नाव आवडलं नाही, पण तोवर कागद पुढे गेले होते.

स्टुडिओ म्हणजे प्रयोगशाळेची जुनी अडगळीची खोली. भिंतींना गाद्या ठोकल्या होत्या. एसी टपकायचा, म्हणून त्याच्याखाली बादली, आणि ध्वनिमुद्रणाच्या वेळी टपटप ऐकू येऊ नये म्हणून बादलीत फडकं. बाहेर सतत जेसीबी. कापणीची भलरी लावली की मागे जेसीबी, भारूड लावलं की मागे जेसीबी. विद्यार्थी दारातून डोकावून म्हणायचे, "मॅडम, हे काय डाउनमार्केट लावता? काहीतरी हिंदी लावा ना." मी म्हणायचे, "तुमच्या आजीने गायलेलं आहे हे." ते म्हणायचे, "आमची आजी मराठी सिरियल बघते."

तंत्रज्ञ होता निलेश. पिंपरीच्या एका बौद्ध कुटुंबातला, डिप्लोमा झालेला, कमी बोलणारा. त्याचे वडील कारखान्यातून निवृत्त झालेले आणि भीमगीतांच्या गायन पार्टीत हार्मोनियम वाजवणारे. मंगळवारी त्यांची पार्टी यायची. ती एकच मंडळी वेळेवर यायची, स्वच्छ गायची आणि चहा न मागता जायची. बाकी सगळा आनंदच होता. भारूडवाले मोबाइल बंद करायचे नाहीत. एक शाहीर माइकला घाबरून घरी पळून गेले. आणि बुधवारी हौसामावशी.

हौसामावशी पहिल्यांदा आल्या त्या गायला नाही, भांडायला. त्यांचं भाताचं खाचर कॉलेजच्या कुंपणाला लागून होतं आणि पोरं कुरकुऱ्याच्या पिशव्या खाचरात टाकायची. त्या थेट स्टुडिओच्या दारात उभ्या राहिल्या. ठेंगण्या, काटक, नऊवारीचा काचा मारलेला, हातात चिखलाने भरलेल्या पिशव्यांचा गठ्ठा.

"हे कुनाचं हाय?" त्यांनी गठ्ठा माझ्या टेबलावर ठेवला.

"मावशी, हे रेडिओ केंद्र आहे. ऑफिस पलीकडे."

"पलीकडचा म्हनतो अलीकडं जा. तुमचं कालिज हाय का गावजत्रा?"

निलेशने ध्वनिमुद्रण चालू ठेवलं होतं. मी त्यांना बसवलं, चहा दिला, आणि निलेशने त्यांच्या कानाला हेडफोन लावून त्यांचंच भांडण त्यांना ऐकवलं. त्या दचकल्या. "ही कोन बया कोकलतीय?" मग ओळखून हसल्या. मग पुन्हा ऐकायला मागितलं. जाताना म्हणाल्या, "आवाज बरा हाय की माझा." आणि पुढच्या बुधवारी बोलावलं नसताना आल्या.

गुरुवार पुण्यात वीज जायचा वार, म्हणून बुधवार. "बांधावरच्या ओव्या" असं मी कार्यक्रमाला नाव दिलं. त्यांनी ते कधी उच्चारलं नाही. त्या कधीच वेळेवर आल्या नाहीत, लिहून आणलेलं कधीच गायल्या नाहीत. ओवी अर्ध्यात सोडून म्हणायच्या, "शेवंते, तुझी म्हस सापडली का गं?" आणि शेवंताबाई चार शेतं पलीकडे रेडिओला उत्तर द्यायची. मी काचेपलीकडून हातवारे करायचे. त्या ते हातवारे श्रोत्यांना वर्णन करून सांगायच्या. मशेरी लावून यायच्या आणि आबासाहेबांनी ठेवलेल्या शोभेच्या कुंडीत थुंकायच्या. मी वैतागून सांगितलं, तर म्हणाल्या, "झाड बघ कसं तरारलंय."

पण आवाज! कोरडा, किंचित फाटलेला, खाली सुरू होऊन मध्येच उंच जाणारा. निलेश म्हणायचा, "मॅडम, यांची लेव्हल सेट करता येत नाही. काटा स्वतःच्या मनाने पळतो." त्या सुगीच्या सुरुवातीला त्यांनी म्हटलेली एक ओवी अजून माझ्या डोक्यात आहे:

"भाताच्या लोंबीवरी दव टिपूर टिपूर,
माझ्या माहेराच्या वाटं आता डांबर डांबर."

त्यांचं माहेर पलीकडच्याच गावात होतं. आता तिथे आठ मजली कार्यालयं उभी होती.

भात पिवळं पडलं. कापणी सुरू झाली, आणि मी एक शहाणपणा केला. म्हटलं, सुगी आहे, बायका रानात आहेत, तर कार्यक्रम थेट प्रसारित करू. बांधावर रेडिओ ठेवून ऐकतील. आबासाहेबांनाही कल्पना आवडली. "माझाबी दिवाळीचा संदेश घ्या मग," ते म्हणाले. घेतला. फार लांब होता.

त्या बुधवारी हौसामावशी चक्क वेळेवर आल्या. तेव्हाच मला शंका यायला हवी होती. त्या कुंडीकडे गेल्या नाहीत. शेवंताबाईची चौकशी केली नाही. माइकसमोर बसल्या, पदर घट्ट केला, डोळे मिटले. दोन नेहमीच्या ओव्या झाल्या. मग जरा थांबून, त्याच चालीत, त्याच शांत आवाजात:

"लावणीच्या चिखलात माझी गेली गं हयात,
सौदा ठरवाया लेक माझे बसले माडीत.

लेक बसले माडीत, चहा म्याच गं नेला,
माझ्या वावराचा भाव मला पावन्यानं सांगितला."

मी निलेशकडे पाहिलं. निलेश काट्याकडे पाहत होता. त्याचं बोट आवाजाच्या पट्टीवर होतं. खाली ओढली असती तर चार गावांत फक्त शांतता गेली असती, आणि मी एखादी सीडी लावली असती. मी काचेवर टकटक केली. त्याने ऐकलं नाही, किंवा ऐकलं.

"पावना कोन म्हून नको पुसू गं साळू,
त्याच्याच छपराखाली बसून आपन बोलू."

बस्स. एवढंच. मग त्या उठल्या, "येते," म्हणाल्या आणि खिडकीतून दिसणाऱ्या आपल्या खाचराकडे चालू लागल्या.

त्यांच्या खाचरावर आबासाहेबांना वसतिगृह बांधायचं होतं. त्यांचा नवरा कधीच वारला होता, जमिनीला दोन्ही मुलांबरोबर त्यांचंही नाव होतं, आणि सही लागणार होती. थोरला मुलगा दत्ता याने धाकट्याला घेऊन, घरच्या माडीवर आबासाहेबांबरोबर बसून सगळं ठरवून टाकलं होतं. गावात हे कुणाला ठाऊक नव्हतं असं नाही. फक्त तोवर ते कुणी मोठ्याने म्हटलं नव्हतं.

रानातल्या बायका हसल्या म्हणे. विळे टाकून हसल्या. शेवंताबाईने बांधावरून "अगं माझ्या बये!" अशी जी आरोळी ठोकली ती आम्हाला स्टुडिओत ऐकू आली. मग फोन वाजायला लागला. मग दत्ता मोटरसायकलवर आला, हेल्मेट हातात, घामाघूम.

"कुनी शिकवलं आमच्या म्हातारीला हे?"

"त्यांना कोण शिकवणार?" मी म्हटलं. "तुम्ही त्यांच्याच पोटचे ना?"

तो काहीतरी बोलणार होता, पण मागून आबासाहेब आले. ते ओरडले नाहीत. खुर्चीवर बसले, कुंडीकडे बघितलं, मग माझ्याकडे. "बाई, मशिनमध्ये बिघाड झालाय ना?"

"नाही, सगळं ठीक आहे."

"झालाय," ते म्हणाले. "आणि मोठा झालाय."

तांत्रिक कारणास्तव प्रसारण बंद, अशी पाटी निलेशलाच लिहावी लागली. मी त्याच्यावर चिडले. खूप चिडले. "पट्टी तुझ्या हातात होती. मी काच वाजवली. नोकरी जाईल तुझी, कळतंय?" तो पाटीवरचं अक्षर नीट करत म्हणाला, "मॅडम, आमच्या घरी लहानपणापासून सांगितलंय. बाई माइकवर खरं बोलायला लागली की आवाज कमी करायचा नाही. वाढवायचा." मग म्हणाला, "थोडा वाढवला होता मी."

यापुढचं सांगायला मला आजही नको वाटतं. मी पेटून उठले. पेठेतल्या मैत्रिणींना फोन केले, पत्रकं काढली, "माती विकणार नाही" असं कापडी फलकावर रंगवून घेतलं. माझ्या डोळ्यांसमोर एक म्हातारी शेतकरीण, एक धनदांडगा आणि मध्ये मी, असं चित्र होतं. त्यात हौसामावशींना विचारायचं राहूनच गेलं. रविवारी सकाळी कॉलेजच्या फाटकासमोर आम्ही जमलो. खादीच्या साड्या, झोळ्या, एक डॉक्टर, दोन प्राध्यापिका, एक नवशिका पत्रकार. गावकरी समोरच्या टपरीवर चहा पीत आमच्याकडे बघत होते. आबासाहेब फाटकाच्या आत खुर्ची टाकून बसले होते. दत्ता त्यांच्या शेजारी.

हौसामावशी उशिरा आल्या. कमरेला विळा खोचलेला, हातापायांना भाताचं कूस चिकटलेलं. फलक वाचता येत नव्हता, म्हणून त्यांनी पत्रकाराला विचारलं, "काय लिवलंय?" त्याने वाचून दाखवलं.

"आनि हे कोन म्हनलं?"

"तुम्हीच ना, आजी? तुमची जमीन विकायची नाही असं..."

"मी कवा म्हनले इकायचं नाय?"

टपरीवरचे लोक उभे राहिले. मी पुढे झाले. "मावशी, तुम्ही त्या ओवीत—"

"ओवीत काय म्हनले मी? सांग."

मी सांगितलं. शब्दन् शब्द. चिखल, माडी, चहा, पाहुणा.

"मग? त्यात इकायचं नाय कुठं हाय?" त्या वैतागल्या होत्या. आबासाहेबांवर नाही, माझ्यावर. "दोन पोरं, दोघास्नी रानात यायचं नाय. माझं गुडघं गेलं. इकायचीच हाय ती. पर मला इचारा की! माझ्या जमिनीचं मला परक्या मानसानं सांगावं? मी चहा घिऊन जाऊ आनि दारातूनच माघारी येऊ?"

मग त्या फाटकाकडे वळल्या. लेकाला आणि आबासाहेबांना एकदमच बोलल्या. "बोलायचं तर माझ्या अंगनात या. लेकीलाबी बोलवा, तीबी माझ्याच पोटची हाय. आनि हे भात मी माझ्या हातानं काढनार. तवर कुनी बांधावर पाय ठेवायचा नाय."

दत्ता खाली बघत होता. आबासाहेब उठले. मला वाटलं, आता काहीतरी होणार. ते फाटकाबाहेर आले आणि म्हणाले, "हौसावहिनी, हे त्याच दिवशी सांगितलं असतं तर रेडिओ कशाला बंद केला असता?"

"त्या दिवशी तुमी मला बसा म्हनला न्हवता."

आमची सभा तिथेच संपली. डॉक्टर म्हणाले, त्यांना रुग्ण बघायचेत. प्राध्यापिकांना बस पकडायची होती. फलक कुणी घरी न्यायचा यावर जराशी वादावादी झाली. मी इतकी चिडले होते, आबासाहेबांवर, दत्तावर, मावशींवर आणि सगळ्यात जास्त त्या लाल रंगातल्या "माती"वर, की येताना बसमध्ये कंडक्टरशी सुट्ट्या पैशांवरून भांडले.

भात निघालं. झोडणीच्या दिवशी मी गेले होते, बोलावलं नसताना. शेवंताबाई आणि चार जणी खळ्यावर पेंढ्या आपटत होत्या. दाणे उडून माझ्या केसांत अडकले. हौसामावशींनी माझ्या हातात सूप दिलं आणि मला पाखडता येत नाही हे सगळ्यांना मोठ्याने सांगितलं. त्यानंतर अंगणात बैठक झाली. लेक नांदेडहून आली. भाव पुन्हा ठरला, लेकीचा वाटा ठरला. चहा दत्ताने केला होता, पांचट होता असं मावशी नंतर सांगत होत्या. वसतिगृह झालं. त्याच्या तळमजल्यावर हौसामावशींनी आग्रहाने पोरांसाठी कचऱ्याचे डबे ठेवून घेतले. विकलेल्या जमिनीवर पण त्यांची नजर होतीच.

खळं रेडिओ दिवाळीनंतर पुन्हा सुरू झाला, पण खळं या नावाने नाही. आबासाहेबांच्या मातोश्रींचं नाव लागलं. गाणी गेली. करिअर मार्गदर्शन आलं, मुलाखतीला जाताना टाय कसा बांधावा, कोणत्या कंपनीत किती मुलं लागली. माझं कंत्राट संपलं आणि कुणी त्याची आठवणही काढली नाही. थेट प्रसारणाचं ध्वनिमुद्रण राहिलं नाही. संगणक बदलताना कुणीतरी जुन्या फायली पुसल्या. निलेशला त्याच वर्षी एका मोठ्या कंपनीत नोकरी लागली. ज्या गाड्यांची धूळ आम्ही खायचो, त्यातल्याच एका गाडीत तो बसायला लागला. पुढे करिअर मार्गदर्शनाचाही सगळ्यांना कंटाळा आला आणि केंद्र कधी बंद पडलं ते बातमीतही आलं नाही.

वास्तुशांतीहून निघताना मी भाचीच्या घरून सरळ परत आले नाही. हौसामावशी जवळच राहतात हे मला निलेशकडून कळलं होतं. सातवा मजला. दार सुनेने उघडलं. मावशी बाल्कनीत खुर्चीवर बसल्या होत्या. फार म्हाताऱ्या झाल्यात. मला ओळखायला वेळ लागला, पण ओळखल्यावर पहिलं वाक्य, "तू लई वाळलीस."

घरातले सगळे फार प्रेमळ. सून आली, "आई, पंखा लावू का?" दत्ता कामावरून आला, केस पिकलेत त्याचे, "आई, संध्याकाळी काय करायचं, खिचडी की भाकरी?" नातू आला, "आजी, टीव्ही लावू?" मावशी प्रत्येकाला मान हलवून उत्तर देत होत्या.

सगळे आत गेल्यावर मी म्हटलं, "मावशी, एखादी ओवी म्हणा ना."

"नाय येत आता."

"असं कसं नाही येत?"

"कशावर म्हनू? हे समदे बघितलेस ना? समदं इचारून करत्यात. पानी इचारून देत्यात. चिडायला जागाच नाय ठेवली." त्या खरंच वैतागल्या होत्या. मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "तूच म्हन की. इतकी वरसं आमचं ऐकलंस. तुला काय सासर नव्हतं?"

मी हसले. त्या हसल्या नाहीत. वाट बघत बसल्या. आयुष्यभर मी दुसऱ्यांच्या ओव्या गोळा केल्या, चाली लिहून घेतल्या, निवेदनं केली. स्वतः एकही ओळ कधी गायले नव्हते. मला गाता येत नाही. तरी काय झालं कोण जाणे, मी सुरू केलं. पहिली ओळ जुळली, दुसरी कशीबशी. काय म्हटलं ते इथे लिहीत नाही. त्यात आमच्या घरातल्या माणसांची नावं आहेत, नवऱ्याचंही.

मी थांबले. मावशींनी डोळे उघडले.

"बेसूर हाय," त्या म्हणाल्या, आणि खुर्ची माझ्या जवळ ओढली. "मग? त्यो काय म्हनला?"